गॅसवर चालणारा व्हीएएम (व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन) चिलर-हीटर: देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-पिंपरी पट्ट्यातली हॉटेलं, हॉस्पिटलं आणि कारखाने यांतल्या प्लांट रूममधून येणारे हे प्रश्न आहेत. काही ऑपरेटरांचे, काही मेंटेनन्स मॅनेजरांचे, आणि बिल बघून दचकलेल्या मालकांचेही. उत्तरं पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर) चालणाऱ्या, थेट बर्नर असलेल्या डबल इफेक्ट मशीनला धरून दिली आहेत. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

१. गॅस जाळून थंड पाणी कसं काय मिळतं?

पाणी किती अंशांना उकळेल हे दाबावर ठरतं. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो ह्याच कारणाने. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण ७६० मिमी पारा असतो, आणि मशीनच्या इव्हॅपोरेटरमध्ये तो ६-७ मिमीवर आणलेला असतो. तिथे पाणी ४-५ अंशांनाच उकळतं. उकळताना लागणारी उष्णता ते ट्यूबमधून फिरणाऱ्या चिल्ड वॉटरकडून (इमारत गार करून परत आलेल्या पाण्याकडून) घेतं आणि १२ अंशांनी आलेलं पाणी ७ अंशांनी बाहेर पडतं.

तयार झालेली वाफ ॲब्सॉर्बर नावाच्या भागात लिथियम ब्रोमाइडचं द्रावण पिऊन टाकतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, तसंच. पातळ झालेलं हे द्रावण जनरेटरमध्ये बर्नरवर उकळायचं, पाणी वेगळं काढायचं आणि पुन्हा फिरवायचं. गॅसचं काम एवढंच. डबल इफेक्ट म्हणजे पहिल्या जनरेटरमधल्या वाफेची उष्णता दुसऱ्या जनरेटरमध्ये पुन्हा वापरायची. हिवाळ्यात किंवा लॉन्ड्रीसाठी गरम पाणी हवं असेल तर तीच वाफ त्या कामी येते.

२. कॉम्प्रेसर नाही, हलणारे भाग जेमतेम दोन-तीन पंप. मग मेंटेनन्सचा एवढा बाऊ कशाला?

कॉम्प्रेसर बिघडला की आवाज करतो, हे मशीन करत नाही. ते गुपचूप आजारी पडतं. आत थोडी हवा शिरली तरी थंडावा कमी होतो, आणि हवेतला ऑक्सिजन लिथियम ब्रोमाइडच्या साथीने लोखंड आणि तांबं खायला लागतो. ह्या गंजण्यातून हायड्रोजन सुटतो, तो आतच साठतो आणि व्हॅक्यूम आणखी बिघडवतो. बाहेरून रंगरंगोटी झकास असते, पंप चालू असतात, फक्त गॅसचं बिल महिन्यामागून महिना चढत जातं. म्हणून पुढच्या उत्तरांत व्हॅक्यूम आणि टॉवरचं पाणी (मशीनची उष्णता कूलिंग टॉवरकडे नेणारं कूलिंग वॉटर) ह्या दोन गोष्टी सारख्या येतील. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी शेवटी ह्या दोन्हींपैकी एकीपाशी जाऊन थांबल्या.

३. ऑपरेटरने रोज नेमकं काय लिहायचं?

दर दोन तासांनी चिल्ड वॉटरचं येणारं-जाणारं तापमान, कूलिंग वॉटरचं येणारं-जाणारं तापमान, दोन्हींचा दाब, हाय टेम्परेचर जनरेटरचं (बर्नरवरच्या पहिल्या जनरेटरचं) तापमान आणि दाब, चिमणीतल्या धुराचं तापमान, गॅसचा दाब आणि मीटरचं रीडिंग. शिवाय पर्ज टाकीचा दाब दिवसातून एकदा (आत शिरलेली हवा आणि वायू ह्या टाकीत जमतात; ते पंपाने बाहेर काढणं म्हणजे पर्जिंग).

लिहिण्यापेक्षा वाचणं महत्त्वाचं. ‘३२-३७, ३२-३७’ असं सहा महिने एकाच पेनाने, एकाच शाईत लिहिलेलं लॉगबुक मी बघितलंय. त्यातल्या दोन दिवशी तर मशीन बंद होतं. त्यापेक्षा चारच आकडे खरे लिहा.

गॅस बरोबर जातोय का, हे ताडायला एक हिशेब. १०० टनांचं मशीन (टन हे इथे थंडाव्याचं माप), सीओपी (दिलेल्या उष्णतेच्या किती पट थंडावा मिळतो) १.२ आणि पीएनजीची उष्णता घनमीटरला साधारण ८,५०० किलोकॅलरी धरली, तर पूर्ण लोडवर तासाला ३० घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. त्याच लोडला मीटर ३६ दाखवत असेल तर काहीतरी बिनसलंय.

४. पर्जिंग किती दिवसांनी करायचं?

कॅलेंडर बघून नाही, पर्ज टाकीचा दाब बघून. दाब मॅन्युअलमधल्या मर्यादेजवळ आला की करायचं. माझा अंदाज विचाराल तर चांगल्या अवस्थेतल्या मशीनला आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा पर्ज करावं लागू नये. रोज लागतंय म्हणजे हवा शिरतेय किंवा आत गंज धरतोय. पर्ज करत बसणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. लीक शोधा, प्रश्न ६ पाहा.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी मशीनकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून व्हॅक्यूम पंप एकटा चालवा. तो १ मिमीच्या आसपास किंवा त्याखाली गेला, तरच व्हॉल्व्ह उघडा. काम झालं की आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंप बंद. उलटं केलंत तर पंपातली हवा, आणि कधी कधी तेलसुद्धा, मशीन आत ओढून घेतं. मशीनमध्ये पॅलेडियम सेल असेल तर हायड्रोजन तिच्यातून बाहेर जातो, पण हवा जात नाही. सेलचा हीटर चालू आहे ना, हे हाताला ऊब लागते का बघून कळतं.

५. व्हॅक्यूम पंपाचं तेल ताकासारखं पांढरं झालंय. पंप गेला का?

बहुतेक नाही. मशीनमधली पाण्याची वाफ तेलात मिसळली आहे. अशा तेलावर पंप खोल व्हॅक्यूम देऊ शकत नाही. तेल गरम असतानाच काढा, नवं व्हॅक्यूम पंपाचंच तेल भरा (इंजिन ऑइल नको), गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून अर्धा तास पंप एकटा चालवा आणि मग प्रश्न ४ मधली एकट्या पंपाची चाचणी घ्या. तेल दर पर्जला पांढरं होत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त वेळ पर्ज करताय, किंवा पंपाआधीचा कोल्ड ट्रॅप (वाफ गार करून अडवणारा भाग) काम करत नाहीये.

६. मशीन लीक आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दोन साधे उपाय.

पहिला: पर्ज चालू असताना पंपाच्या एक्झॉस्टला प्लॅस्टिकची नळी लावा आणि तिचं टोक काचेच्या ग्लासातल्या तेलात जेमतेम बुडवा. सुरुवातीला बुडबुडे भराभर येतील, मग विरळ होतील, शेवटी मिनिटाला एखादा. अर्ध्या तासानंतरही ग्लास खदखदत असेल तर हवा येतेय. ग्लास बाजूला घेईपर्यंत पंप बंद करू नका, नाहीतर तेल उलटं ओढलं जाईल.

दुसरा: मशीन पूर्ण थंड झाल्यावर आतला दाब आणि प्लांट रूमचं तापमान लिहून ठेवा, २४ तासांनी पुन्हा बघा. तापमान सारखं असेल तरच तुलनेला अर्थ. खोली पाच अंशांनी तापली तर आतल्या पाण्याची वाफच दाब वाढवते आणि नसलेलं लीक दिसतं.

लीक सापडतं ते बहुधा साध्या जागी: व्हॉल्व्हचे डायफ्रॅम, साइट ग्लासचे ओ-रिंग, सेन्सरचे सॉकेट, पर्ज लाइनचे जोड. वेल्डिंगवर संशय शेवटी घ्या. खरी चाचणी म्हणजे नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावणं. ते सर्व्हिसवाल्यांकडूनच करून घ्या, कारण जास्त दाब दिला तर रप्चर डिस्क (जादा दाबापासून बचाव करणारी चकती) फुटते.

७. ७ अंश मागतोय, मिळतात १०. सुरुवात कुठून करू?

स्वस्तातून महागाकडे. आधी लोड खरंच वाढलाय का बघा. एप्रिलमध्ये बँक्वेटची दारं सताड उघडी असतील तर मशीनचा दोष नाही. मग कूलिंग वॉटर: टॉवरकडून ३२ अंशांपेक्षा गरम येतंय का, फ्लो कमी आहे का, स्ट्रेनर चोक आहे का. मग व्हॅक्यूम, म्हणजे प्रश्न ४ आणि ६. मग ट्यूबमधला क्षार, प्रश्न ९. मग बर्नर पूर्ण फायरिंगला जातोय का.

एवढं सगळं ठीक निघालं तर रेफ्रिजरंट वॉटरचा (इव्हॅपोरेटरमध्ये उकळणाऱ्या पाण्याचा) नमुना काढून हायड्रोमीटर टाका. विशिष्ट गुरुत्व १.०४ च्या वर असेल तर द्रावणाचे शिंतोडे त्यात मिसळलेत. मिठाचं पाणी लवकर उकळत नाही, म्हणून थंडावा कमी. उपाय सोपा: रेफ्रिजरंट ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह उघडून ते पाणी द्रावणात परत सोडायचं आणि मशीनला नवं पाणी बनवू द्यायचं.

८. टॉवरला बोअरचं किंवा टँकरचं पाणी चालेल का?

सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) चालू असेल तर चालेल. नसेल तर ट्यूबमध्ये काही महिन्यांतच खडूसारखा थर दिसेल.

ह्या मशीनचा टॉवर विजेच्या चिलरपेक्षा जास्त राबतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खोलीतली उष्णता आणि गॅसची उष्णता, दोन्ही त्यानेच बाहेर टाकायची. सीओपी १.२ असेल तर थंडाव्याच्या १.८ पटींहून थोडी जास्त उष्णता टॉवरकडे येते. विजेच्या चिलरला ही पट साधारण १.२. १०० टनांच्या मशीनला पूर्ण लोडवर तासाला ९५० लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, मागे राहतो क्षार. तो मूळच्या चौपटीवर थांबवायचा तर वर तासाला ३०० लिटरच्या पुढे ब्लोडाउन (क्षार साठलेलं पाणी सोडून देणं). म्हणजे १०,००० लिटरचा टँकर आठ तासांत संपतो. मालकांना हा आकडा आधी सांगून ठेवा, मे महिन्यातलं भांडण टळेल.

टँकर बदलला की पाण्याची हार्डनेस बदलते. कालचा टँकर विहिरीचा, आजचा बोअरचा. म्हणून सॉफ्टनरचं रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने तो पुन्हा कामाचा करणं) ठरावीक दिवसांवर ठेवू नका; किट घेऊन रोज सॉफ्टनरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करा, दोन मिनिटांचं काम आहे. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की घाईघाईत बायपास उघडून कच्चं पाणी टॉवरमध्ये घेतलं जातं आणि तो बायपास शनिवारपर्यंत तसाच उघडा असतो. त्याच्या हँडलला कुलूप लावा. हॉस्पिटलांनी टॉवरमध्ये जंतुनाशकाचा डोस चुकवू नये. टॉवरच्या तुषारांतून लिजिओनेला पसरतो.

९. ट्यूब ब्रशने साफ करायच्या की ॲसिडने?

गाळ आणि शेवाळ असेल तर नायलॉनचा ब्रश आणि पाण्याचा जेट. कडक पांढरा थर असेल तरच केमिकल, तेही सल्फॅमिकसारखं सौम्य आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घातलेलं. स्टीलचा ब्रश तांब्याच्या ट्यूबला लावू नका. केमिकल फिरवून झाल्यावर पाण्याचा पीएच मूळ पातळीवर येईपर्यंत धुवा. अर्धवट धुतलेलं ॲसिड क्षारापेक्षा जास्त नुकसान करतं.

वेळ कधी आली हे लॉगबुक सांगतं. कंडेन्सरमधलं (जिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं) तापमान आणि टॉवरकडे निघालेल्या पाण्याचं तापमान यांतला फरक सफाईनंतरच्या दिवशी लिहून ठेवा; त्याच लोडला तो फरक दीड-दोन अंशांनी वाढला की कव्हर उघडायचं. तशी वेळ आली नाही तरी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, उघडाच. काही वर्षांतून एकदा ट्यूबची एडी करंट चाचणीही (ट्यूब कुठे झिजलीय हे दाखवणारी) करून घ्या. पातळ झालेली ट्यूब आधीच बंद करता येते.

१०. क्रिस्टलायझेशन झालंय असं इंजिनिअर म्हणतो. म्हणजे काय, आणि मशीन वाया गेलं का?

वाया गेलेलं नाही. साखरेचा पाक जास्त घट्ट झाला आणि गार झाला की दाणे धरतो, तसं द्रावण हीट एक्स्चेंजरमध्ये (गरम द्रावण गार द्रावणाला उष्णता देतं त्या भागात) गोठलंय. चालू मशीनमध्ये घट्ट द्रावण ६० टक्क्यांच्या पुढे असतं. ते आणखी घट्ट झालं किंवा आणखी गार झालं की दाणे पडतात आणि वाट बंद होते.

ओळखायची खूण: जनरेटरमधून ॲब्सॉर्बरकडे जाणारी ओव्हरफ्लोची वळसेदार पाइप, जिला आपण जे-ट्यूब म्हणतो, एरवी कोमट असते. हीट एक्स्चेंजर तुंबला की गरम द्रावण तिकडून पळतं आणि पाइपला हात लावला तर चटका बसतो. आधी लांबूनच धग बघा.

बर्‍याच मशीनमध्ये ही पाइपच सुटकेची पहिली वाट असते: गरम द्रावण ॲब्सॉर्बरमध्ये जातं, तिथून हीट एक्स्चेंजर तापतो आणि दाणे विरघळतात. तेवढ्याने सुटलं नाही तर कूलिंग वॉटर बंद करून, रेफ्रिजरंटचं पाणी द्रावणात सोडून आणि एक्स्चेंजरला बाहेरून वाफ किंवा गरम पाणी देऊन सोडवतात. काही तास जातात, कधी आख्खा दिवस. वेल्डिंगची ज्योत मारू नका. आणि सुटल्यावर ‘चला, झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कारण चारपैकी एक असतं: आत हवा, अचानक गेलेली वीज (प्रश्न ११), फार गार कूलिंग वॉटर (प्रश्न १२) किंवा जास्त फायरिंग.

११. लाइट गेली तर काय होतं? मशीन तर गॅसवर चालतं ना!

गॅसवर चालतं, पण पंप विजेवर. नेहमीच्या पद्धतीने बंद केलं की बर्नर विझल्यावरही पंप १५ ते ३० मिनिटं फिरत राहून घट्ट-पातळ द्रावण एकत्र करतात. ह्याला डायल्यूशन म्हणतात. वीज मध्येच गेली तर हे होत नाही आणि घट्ट द्रावण जागच्या जागी गार होत जातं. म्हणून सोल्यूशन पंप, रेफ्रिजरंट पंप आणि कंट्रोल पॅनल विजेच्या बॅकअप जनरेटरवर (डीजी सेटवर) घ्या. टॉवरचा पंप आधी सुरू करायची घाई नको. वीज काही मिनिटांत आली तर डायल्यूशन पूर्ण होऊ द्या आणि मगच फायरिंग. कंटाळून मेन स्विचवरून मशीन बंद करणाऱ्या ऑपरेटरलाही हेच उत्तर लागू आहे.

१२. डिसेंबरात टॉवरचं पाणी छान गार मिळतं. मग पंखा जोरात चालवून फायदा घ्यावा का?

विजेच्या चिलरला थोडाफार फायदा मिळतो, इथे उलटं पडू शकतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि टॉवरचं पाणी मशीनच्या किमान मर्यादेखाली जातं. ॲब्सॉर्बर गार झाला की द्रावणही गार, आणि मग प्रश्न १०. पंखा तापमानावर आपोआप बंद-चालू व्हायला हवा किंवा तीनतोंडी व्हॉल्व्हने थोडं पाणी टॉवरला वळसा घालून परत यायला हवं. हा व्हॉल्व्ह वर्षभर न हलल्याने नेमका हिवाळ्यात अडकलेला सापडतो. नोव्हेंबरमध्ये हाताने फिरवून बघा.

१३. द्रावण किती वर्षांनी बदलायचं?

बदलायचं नाही, सांभाळायचं. नीट ठेवलं तर ते मशीनइतकंच टिकतं. वर्षातून एकदा, शक्यतो दोनदा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा: घनता, अल्कलिनिटी, इनहिबिटर (लिथियम मॉलिब्डेट किंवा क्रोमेट), विरघळलेलं तांबं आणि लोखंड. इनहिबिटर घटला म्हणजे तो गंज थोपवण्यात खर्ची पडलाय, म्हणून नुसतं वरून टाकून थांबू नका, हवा कुठून येतेय ते बघा. नमुन्यात तपकिरी गाळ म्हणजे लोखंड, हिरवट छटा म्हणजे तांबं, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. निर्णय मात्र रिपोर्टवरच. गाळ असेल तर द्रावण काढून गाळून परत भरतात.

१४. प्लांट रूममध्ये उग्र वास येतोय. गॅस लीक आहे की मशीनचा वास?

आधी गॅसच समजा. मुख्य व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण खाली-वर करू नका, बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. पुण्यात एमएनजीएल, मुंबईत एमजीएल. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असू द्या.

आता दुसरा भाग. मशीनमध्ये थोडं ऑक्टाइल अल्कोहोल घातलेलं असतं. त्याने द्रावण वाफ चांगली शोषतं. पर्जच्या वेळी ते एक्झॉस्टमधून बाहेर पडतं आणि डोकं उठवणारा तिखट, तेलकट वास येतो. पीएनजीत मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास कुजक्या कांद्यासारखा. दोन्ही एकदा ओळखले की विसरत नाहीत. तरीही नाकावर पैज लावू नका, डिटेक्टर वापरा. पर्जचा एक्झॉस्ट पाइपने बाहेर नेला की हा गोंधळच राहत नाही.

१५. बर्नरच्या वार्षिक सर्व्हिसमध्ये काय व्हायला हवं?

फिल्टर सफाई, इलेक्ट्रोडची झीज आणि अंतर, यूव्ही सेन्सरची काच पुसणं, ब्लोअरची पाती, गॅस ट्रेनच्या (बर्नरकडे गॅस नेणाऱ्या पाइप-व्हॉल्व्हच्या) प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी, दोन्ही सोलेनॉइड घट्ट बंद होतात का याची चाचणी, आणि शेवटी फ्लू गॅस ॲनालायझर. ऑक्सिजन ३ ते ५ टक्क्यांत, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या बराच खाली, हे लो आणि हाय अशा दोन्ही फायरिंगला. प्रिंटआउट मागा. ‘ज्वाला निळी आहे साहेब’ हा रिपोर्ट नव्हे.

१६. पीएनजी बंद पडली तर तात्पुरता एलपीजी जोडू का?

नुसता पाइप बदलून, मुळीच नाही. त्याच घनफळाच्या एलपीजीत पीएनजीच्या अडीच पटींहून जास्त उष्णता असते. जेट, दाब आणि हवेचं गणित सगळं बदलतं. दोन्ही इंधनांसाठी बनवलेला बर्नर असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही डिटेक्टरची जागा तपासा: पीएनजी हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ, एलपीजी जड, म्हणून जमिनीपासून वीतभर. तळघरातल्या प्लांट रूममध्ये एलपीजी खड्ड्यात साचून राहतो.

१७. कूलिंगवरून हीटिंगवर जाताना काय जपायचं?

चेंजओव्हर व्हॉल्व्ह मॅन्युअलमधल्या क्रमानेच फिरवा, आणि मशीन डायल्यूशन संपवून थांबल्यावरच. हीटिंगमध्ये बहुतेक मशीनना टॉवर लागत नाही. टॉवरचं पाणी काढून ट्यूब धुऊन ठेवा, आतलं साचलेलं पाणी कोपरे कुरतडतं. एकाच वेळी दोन्ही देणारं मॉडेल असेल तर हा प्रश्न तुम्हाला लागू नाही.

१८. हॉटेल तीन महिने नूतनीकरणासाठी बंद आहे. मशीन तसंच ठेवू?

द्रावण नीट डायल्यूट करून, व्हॅक्यूमखाली, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून. दर आठवड्याला कोणीतरी जाऊन दाब लिहायला हवा. दाब चढला तर पर्ज. कोणी जाणारच नसेल, किंवा लीकची शंका असेल, तर सर्व्हिसवाल्यांकडून आत कोरडा नायट्रोजन भरून घ्या. हवेपेक्षा नायट्रोजन केव्हाही बरा. पॅनलमधली बॅटरीही बघा, सेटिंग उडतात.

१९. फ्लो स्विच (पाणी कमी वाहिलं की मशीन थांबवणारा) सारखा ट्रिप होतो. तात्पुरता बायपास केला तर चालेल?

नाही. एका हॉस्पिटलात हेच झालं होतं. चिल्ड वॉटरचा फ्लो स्विच त्रास देतो म्हणून कोणीतरी वायरचा तुकडा टाकून तो शॉर्ट केला होता. लाल वायर, वर इन्शुलेशन टेपसुद्धा नाही. दोन महिन्यांनी स्ट्रेनर गाळाने बंद झाला, पाणी थांबलं, इव्हॅपोरेटर ०च्या खाली गेला आणि आतल्या बर्फाने तीन ट्यूब फोडल्या. चिल्ड वॉटर मशीनच्या आत शिरलं, व्हॅक्यूम गेला, सगळं द्रावण पातळ झालं. स्विच सारखा ट्रिप होत होता कारण फ्लो खरोखर कमी होता.

महिन्यातून एकदा पंपाचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळून मशीन स्वतः थांबतं का बघा. गॅसच्या कमी-जास्त दाबाचे स्विच, हाय टेम्परेचर कटआउट आणि फ्लेम फेल्युअर यांची चाचणी सर्व्हिसवाल्यांसमोर.

२०. एएमसी (वार्षिक देखभाल करार) करताना काय लिहून घेऊ?

‘वर्षातून चार व्हिजिट’ यावर सही करू नका. प्रत्येक व्हिजिटला काय मोजणार आणि कोणता कागद देणार ते लिहून घ्या: लीक रेट, द्रावणाचा लॅब रिपोर्ट, फ्लू गॅसचं प्रिंटआउट, ट्यूब सफाईच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. इनहिबिटर, ऑक्टाइल अल्कोहोल आणि पंपाचं तेल दरात धरलंय का, तेही आधीच विचारा; वाद तिथेच होतो. बर्नर आणि चिलर वेगवेगळ्या ठेकेदारांकडे असतील तर दोघांची एक व्हिजिट एकाच दिवशी ठेवा. नाहीतर थंडावा कमी झाला की चिलरवाला म्हणतो बर्नर कमी जळतोय, बर्नरवाला म्हणतो व्हॅक्यूम नाही, आणि ऑपरेटर दोघांनाही चहा पाजत राहतो.